सातारा–कोरेगाव, रोज ४० किलोमीटर: इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का, कोणती, आणि टिकवायची कशी

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही उत्तर वापरता येईल. साताऱ्यात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, कोरेगावला शाळेत नोकरी, येऊन-जाऊन रोज ४० किलोमीटर. समोर तीन गाड्या आहेत. ओळखीतली २०२२ च्या ऑगस्टची स्कूटर, २२ हजार किलोमीटर चाललेली, ४८ हजारांना. शोरूममधली नवी, रस्त्यावर येईपर्यंत एक लाख दहा हजारांची. आणि दहावीतल्या मुलीसाठी दुकानदारानं गळ्यात घालायला काढलेली ‘लायसन नको, पासिंग नको’ गाडी, ५५ हजारांची. पेट्रोल परवडत नाही आणि बॅटरीची भीती वाटते, असं तुम्ही लिहिलंय.

भीती बरोबर आहे. गॅरेजमध्ये माझ्यासमोर रोज या गाड्या उघड्या पडलेल्या असतात. मोटर सहसा दगा देत नाही. कंट्रोलर, लॉक, डिस्प्ले बिघडतात, पण ते दुरुस्त होतात किंवा बदलून मिळतात. माणूस खाली बसतो तो बॅटरीचा आकडा ऐकून. म्हणून पुढचं सगळं बॅटरीच्या बाजूनंच सांगतो.

आधी पैशाचा हिशेब. सपाट रस्ता, ४०-४५ चा वेग, एकच माणूस असेल तर स्कूटर किलोमीटरला साधारण २५ ते ३० वॉट-तास वीज खाते. ३० धरू. ४० किलोमीटरला १.२ युनिट झाले. चार्जर आणि बॅटरी मिळून दहा-बारा टक्के वीज उष्णतेत घालवतात, तेव्हा मीटरवर १.३५ पडेल. महिन्याचे २४ दिवस धरले तर ३२-३३ युनिट. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांपर्यंत एक टप्पा आणि १०१ ते ३०० दुसरा, आणि दुसरा बराच महाग. पण वरचा दर वरच्या युनिटांनाच लागतो, सगळं बिल त्या दरानं येत नाही. म्हणजे महाग टप्प्यात धरूनही महिन्याला पाचशेच्या आत भागतं. तेच अंतर पेट्रोल स्कूटरवर ४५ च्या ॲव्हरेजनं २१ लिटर मागतं, म्हणजे बावीसशेच्या पुढे. शाळेचे दहा महिने धरले तर वर्षाला सतरा-अठरा हजार वाचतात.

आता दुसरा आकडा. तीन युनिटांचा, म्हणजे तीन युनिट वीज मावणारा, नवा पॅक (गाडीची पूर्ण बॅटरी) कंपनीकडून घ्यायचा तर गाडीच्या साधारण निम्म्या किमतीची तयारी ठेवावी लागते. म्हणजे तीन वर्षांची सगळी बचत एका पॅकमध्ये गेली. पॅक तिसऱ्या वर्षी गेला तर तुम्ही पेट्रोलच्या गाडीपेक्षा काहीच कमावलं नाही. सातव्या-आठव्या वर्षी गेला तर एक गाडी फुकट पडली. कोणती गाडी घ्यायची याचा निकाल इथेच लागतो, टचस्क्रीनवर नाही.

म्हणून नवी घेताना वॉरंटीचा कागद घरी आणून चष्मा लावून वाचा. ‘३ वर्षं किंवा ३०,००० किलोमीटर, जे आधी येईल ते’ असं लिहिलेलं असतं. तुमचं शाळेचं ये-जा आणि गावातलं फिरणं मिळून वर्षाला १२ हजार किलोमीटर होईल. म्हणजे तीन वर्षांची वॉरंटी तुमच्यासाठी अडीच वर्षांची आहे. आठ वर्षं किंवा ८०,००० किलोमीटरपर्यंत, आणि तेही क्षमता ७० टक्क्यांखाली गेली तर जबाबदारी घेणारी वाढीव वॉरंटी एथरसारख्या कंपन्या जादा पैसे घेऊन देतात. तुमच्या धावण्याला ती साडेसहा वर्षं पुरते. ॲक्सेसरीजवर, सीटकव्हरवर, वरच्या मॉडेलच्या रंगावर एक रुपया कमी घाला, पण हे घ्या. त्यात क्षमता कमी होण्याबद्दल स्पष्ट आकडा आहे का ते बघा. नुसतं ‘निर्मितीतील दोष’ असं लिहिलं असेल तर हळूहळू झिजलेल्या बॅटरीसाठी तुमच्या हातात काही पडत नाही.

पॅक केवढा हवा? एका चार्जमध्ये किती किलोमीटर याचा कंपनी जो आकडा छापते तो ठरावीक चाचणीचा असतो. रस्त्यावर त्याच्या ६५ ते ७५ टक्के धरा. तीन युनिटांच्या पॅकमधून तुमचे रोजचे ४० टक्के जातील. काही वर्षांनी क्षमता ७० टक्क्यांवर आली तरी ये-जा एका चार्जमध्ये होईल. दोन युनिटांचा स्वस्त पॅक आज सहज पुरेल, पण म्हातारा झाल्यावर त्याच ४० किलोमीटरना जवळजवळ ८५ टक्के लागतील. त्यात समोरून वारा, पाऊस आणि मागे एखादी सहकारी मॅडम बसली की कोरेगावहून निघतानाच पोटात गोळा. तुमच्या रस्त्याला मोठा घाट नाही हे बरं. चढाचा हिशेब सोपा आहे: दोन माणसं धरून गाडी शंभर मीटर उंच न्यायची तर सपाटीच्या अडीच-तीन किलोमीटरएवढी वीज जाते. उतरताना ब्रेकिंगमधून थोडी परत येते, सगळी नाही. आणि बॅटरी १०० टक्के भरलेली असताना तीही येत नाही, कारण ठेवायला जागाच नसते. त्यामुळे फुल्ल चार्ज करून निघाल्यावर पहिल्या उतारावर गाडी नेहमीसारखी आपोआप आवरत नाही. तो बिघाड नव्हे, ब्रेक दाबा.

रसायनाबद्दल दोन वाक्यं, कारण सेल्समन उगाच गोंधळ घालतो. स्कूटरमध्ये मुख्यतः एनएमसी आणि एलएफपी असे दोन प्रकारचे लिथियम सेल येतात. एनएमसी हलका, कमी जागेत जास्त वीज. एलएफपी जड, पण उष्णता जास्त सोसतो आणि जास्त वेळा चार्ज होतो. अकोला-चंद्रपूरकडच्या माणसानं विचारलं असतं तर मी एलएफपीसाठी आग्रह धरला असता. साताऱ्याच्या हवेत दोन्ही चालतात. इथे त्यापेक्षा गावात त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे का, आणि तिथला माणूस पॅक उघडू शकतो की पुण्याला पाठवून महिनाभर गाडी अडकवतो, हे जास्त महत्त्वाचं. शोरूममध्ये विचारू नका. सर्व्हिस सेंटरच्या दारात उभं राहून गाडी घ्यायला आलेल्या दोन-तीन जणांना विचारा.

आता ४८ हजारांची जुनी. माझं मत आधी सांगतो: या किमतीला नको. कारणं तीन. २०२२ च्या उन्हाळ्यात पुण्यासह देशात ठिकठिकाणी इलेक्ट्रिक स्कूटरी पेटल्या, त्यानंतर बॅटरीसाठीचे एआयएस १५६ हे नियम कडक झाले. त्यांचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. ऑगस्टमधली गाडी त्याआधीची. दुसरं, तीन वर्षांची मूळ वॉरंटी संपलेली आहे. तिसरं, त्या काळात केंद्राचं अनुदान बॅटरीच्या दर युनिटामागे १५ हजार होतं. जून २०२३ मध्ये ते १० हजारांवर आलं, एप्रिल २०२४ मध्ये पाचवर आणि २०२५ मध्ये अडीच हजारांवर. विकणारा आज ‘नवी एवढ्याला पडते’ म्हणून किंमत सांगतो, पण त्यानं स्वतः मोठं अनुदान वजा करून घेतलेली आहे. त्याचं मूळ बिल मागा, मग घासाघीस करा.

तरीही मन त्याच गाडीवर असेल, तर बॅटरी मोजून घ्या. ॲपमध्ये दिसणाऱ्या ‘हेल्थ’वर जाऊ नका. वीज मोजणारा छोटा मीटर, सॉकेट आणि चार्जरच्या मध्ये लावायचा, इलेक्ट्रिकच्या दुकानात किंवा ऑनलाइन हजाराच्या आसपास मिळतो. गाडी २० टक्क्यांपर्यंत चालवा, मग हा मीटर लावून १०० पर्यंत चार्ज करा. तीन युनिटांचा पॅक चांगला असेल तर मीटर २.७ च्या आसपास दाखवील: ८० टक्क्यांचे २.४ आणि वरचं उष्णतेत. मीटरवर २ युनिटच दिसले तर प्रत्यक्ष आत गेले साधारण १.७५. म्हणजे पूर्ण पॅक आता २.२ युनिटांचा, क्षमता ७३ टक्के. कंपनी पॅकची सगळी क्षमता वापरायला देत नाही, थोडी राखून ठेवते, म्हणून तुलना ‘वापरण्याजोग्या’ आकड्याशी करा. मालक इतका वेळ गाडी द्यायला तयार नसेल तर तिथेच उत्तर मिळालं.

मीटरची परीक्षा पास झाली तरी एक उरते. बॅटरी ३०-४० टक्क्यांवर आणा, मागे कुणाला तरी बसवा आणि यवतेश्वरच्या घाटात घाला. पॅकमध्ये शेकडो सेल असतात, ते गटागटानं जोडलेले. एक गट अशक्त झाला की सपाटीवर कळत नाही. चढाला जास्त करंट मागितला की त्या गटाचा व्होल्टेज कोसळतो, आणि बीएमएस, म्हणजे बॅटरीवर पहारा ठेवणारं सर्किट, सगळ्या पॅकची वीज तोडतं. डिस्प्लेवर २८ टक्के दिसत असताना गाडी मेली, तर दोन्ही हात जोडून गाडी परत द्या. या परीक्षांतून ती सुटली, तरी वॉरंटी नसलेल्या गाडीला मी तीसच्या वर देणार नाही. शिवाय बॅटरीवरचा क्रमांक कागदाशी जुळतो का, आरसीवर कर्जाचा बोजा आहे का, आणि जुन्या मालकाच्या ॲपमधून गाडी तुमच्या नावावर येते का, हे पैसे देण्याआधी. ॲप त्याच्याकडेच राहिलं तर काही गाड्या तो घरबसल्या लॉक करू शकतो.

मुलीच्या गाडीबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. कायद्यात २५० वॉटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या बॅटरी गाडीला मोटारवाहन धरत नाहीत. म्हणून तिला पासिंग नाही, लायसन नाही. हे खरं. पण तीच गाडी दुकानदार ‘वायर कापून देतो, पन्नास पळेल’ म्हणतो तेव्हा ती पासिंग नसलेली, विमा नसलेली मोटारगाडी होते. राज्याच्या परिवहन विभागानं २०२२ मध्ये अशा फेरफार केलेल्या गाड्यांवर कारवाईही सुरू केली होती. अल्पवयीन मुलगी ती चालवताना सापडली तर मोटारवाहन कायद्याचं कलम १९९अ पालकांवर येतं: २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. आणि ब्रेक, टायर, फ्रेम हे सगळं पंचविसाच्या वेगासाठी बनवलेलं असतं, हे दंडापेक्षा वाईट.

शिवाय ५५ हजारांत त्या गाडीत बहुतेक लेड-ॲसिड बॅटऱ्या असणार, एकेक १२ व्होल्टची, पाच ओळीनं. दीड-दोन वर्षांत त्या बसतात. मग कुणीतरी ‘त्याच जागी लिथियम टाकून देतो’ म्हणतो आणि चार्जर तोच ठेवतो. साठ व्होल्टचा लेड-ॲसिड चार्जर ७३ व्होल्टच्या आसपास ढकलतो. सोळा गटांचा एनएमसी पॅक ६७.२ ला पूर्ण भरतो. मधलं सगळं ओझं बीएमएसच्या एका स्विचवर. तो अडकला की आग. मुलीला क्लासला जायला पेडलची इलेक्ट्रिक सायकल बघा. वजन कमी, बॅटरी छोटी आणि संपली तरी पाय आहेत.

आता तुम्ही विचारलाच नाही तो प्रश्न: रात्री गाडी कुठे लावणार? दुसऱ्या मजल्यावरून खिडकीतून वायर सोडून चार्ज करणारे मी बघतो. त्यांचे वितळलेले प्लग माझ्याकडे येतात. पार्किंगमध्ये तुमच्या मीटरवरून वेगळी लाइन काढून घ्या: चांगल्या कंपनीची २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर (अंतर लांब असेल तर ४ ची), १६ अँपिअरचं सॉकेट, स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आणि खरीखुरी अर्थिंग. वायरमनला ‘अर्थिंग आहे ना’ एवढंच विचारू नका, टेस्टरवर भागवू नका, मीटर लावून दाखवायला सांगा. सॉकेट कमरेच्या वर, पावसाचं पाणी उडणार नाही अशा ठिकाणी, झाकणासह. पहिल्या दिवशी अर्ध्या तासानं प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर सॉकेट सैल आहे.

सोसायटीची कमिटी आढेवेढे घेईल. केंद्रानं फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम बदलून गाडी चार्जिंगसाठी वेगळी वीजजोडणी मागायची सोय केली आहे, सोसायटीत राहणाऱ्यांनाही. तो मुद्दा लेखी अर्जात घाला. आणि विजेचे पैसे तुमच्याच मीटरवर पडणार हे पहिल्या ओळीत लिहा, अर्ध्या लोकांचा विरोध तिथेच मावळतो.

बॅटरी काढून घरात नेता येते अशा गाड्याही आहेत. एकेक पॅक दहा-अकरा किलोचा, दोन असतील तर दोन फेऱ्या. दिवसभर शाळेत उभं राहून आल्यावर हे रोज होईल का, ते स्वतःला विचारा. नेलीच तर घराच्या दारापाशी किंवा पलंगाखाली लावू नका. काही झालं तर बाहेर पडायचा रस्ता मोकळा हवा.

चार्जिंगच्या सवयी सोप्या आहेत, लोकांनी त्याचं उगाच सोवळं केलंय. तुमची रोज ४० टक्केच जाणार असेल तर ८०-९० पर्यंत भरून वापरा, २० च्या खाली शक्यतो नको. आठवड्यातून एकदा मात्र पूर्ण १०० होऊन चार्जर आपोआप बंद होईपर्यंत लावून ठेवा. बहुतेक पॅकमध्ये गटागटांमधला फरक शेवटच्या टप्प्यातच समान होतो, आणि एलएफपीमध्ये तर टक्केवारीचा अंदाजही तेव्हाच सुधारतो. मे महिन्यात दुपारी तापून आलेली गाडी लगेच चार्जरला लावू नका, अर्धा-पाऊण तास सावलीत थांबू द्या. शाळेत पत्र्याच्या शेडपेक्षा झाडाखाली लावा, कावळे काय करतील ते करोत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाणार असाल तर गाडी ५०-६० टक्क्यांवर ठेवून जा. शून्यावर ठेवून गेलात तर बीएमएस आणि ॲपशी जोडणारं सर्किट थोडी थोडी वीज पीत राहतं, सेल ठरावीक व्होल्टेजखाली जातात आणि जूनमध्ये चार्जर लावला तरी पॅक उठत नाही. जूनमध्ये माझ्याकडे येणाऱ्या ‘मेलेल्या’ गाड्यांत या बऱ्याच असतात. बऱ्याच कंपन्या हे वॉरंटीत धरत नाहीत.

मुख्य बॅटरी भरलेली आणि तरी गाडी चालूच होत नसेल तर आधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी बघा, अनेक गाड्यांत ती वेगळी असते. चालू होते पण पुढे सरकत नाही? साइड स्टँडचा किंवा ब्रेकच्या लिव्हरचा स्विच. पावसाळ्यात त्यात पाणी-चिखल जातो, गाडीला वाटतं ब्रेक दाबलेलाच आहे. फडक्यानं पुसून, चार वेळा दाबून-सोडून बघा, टेम्पो बोलावण्याआधी. बंद पडलेली हब मोटरची, म्हणजे चाकातच मोटर असलेली, गाडी दुसऱ्या गाडीला बांधून जोरात ओढू नका. चाक फिरलं की मोटर उलटी वीज तयार करते आणि कंट्रोलर जातो.

पावसाबद्दल: पाऊस चालतो, डबकं चालतं. फूटबोर्डपर्यंत पाणी असेल तर परत फिरा, धूळ-पाणी आत जात नाही असं सांगणारा आयपी ६७ चा शिक्का कितीही मोठा असो. तो शिक्का स्वच्छ पाण्यात, नव्या रबरी सीलवर मिळतो. तीन पावसाळ्यांनंतरच्या सीलवर नाही. पाण्यातून गेलेली गाडी त्या रात्री चार्जिंगला लावू नका. वॉशिंग सेंटरचा प्रेशरचा फवारा चार्जिंग पोर्ट, डिस्प्ले आणि मोटरच्या वायरींवर मारू देऊ नका. बादली आणि फडकं पुरतं. पोर्टच्या पिनांवर हिरवट थर दिसला तर सर्व्हिस सेंटरला दाखवा, पॉलिश पेपर घासू नका, वरचा मुलामा जातो.

बाकी देखभाल थोडी आहे. दर पंधरा दिवसांनी टायरची हवा, ती कमी असली की ॲव्हरेज लगेच पडतो. मागचा टायर पेट्रोल गाडीपेक्षा लवकर झिजतो. मोटर वेग आवरत असल्यानं ब्रेक कमी वापरले जातात, म्हणून ते गंजून अडकतात. रोज दोन-चार वेळा मुद्दाम दाबा. बेल्टची गाडी असेल तर बेल्टचा ताण, गिअरची असेल तर गिअर ऑइल, सर्व्हिस बुकातल्या किलोमीटरला. आणि गेटसमोर ‘एक मिनिट’ उतरताना चावी बंद. आवाज नसतो, शेजारचं पोर एक्सलेटर पिळतं आणि गाडी भिंतीत जाते.

गाडी पडली, पॅकला मार लागला, गोडसर-रसायनासारखा वास आला किंवा फुसफुस ऐकू आली तर हात लावू नका. लांब व्हा, माणसं बाजूला करा, अग्निशमन दलाला बॅटरीची गाडी आहे हे सांगा. मार लागलेला पॅक वरून ठीक दिसला तरी तपासल्याशिवाय चार्जरला लावायचा नाही.

विम्यात थर्ड पार्टीचा हप्ता इलेक्ट्रिकला १५ टक्के कमी असतो, तो वजा झालाय का बघा. पाणी शिरून झालेल्या नुकसानीचं आणि बॅटरी-चार्जरचं संरक्षण बहुतेक वेळा वेगळं घ्यावं लागतं, ते घ्या. नवी गाडी आरटीओच्या पासिंगनंतर हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत येईल. डिलिव्हरीच्या दिवशी बॅटरी, मोटर आणि चार्जर या तिन्हींचे क्रमांक बिलावर लिहून घ्या आणि वाढीव वॉरंटीचा कागद त्याच दिवशी हातात घ्या. ‘ईमेल येईल’ यावर शोरूममधून निघू नका.